कॅप्टनचं गळू

मी सर्जन आहे, पण आमच्या घरात हे वाक्य कधी पुरं केलं जात नाही. कशाची सर्जन, असं कोणी विचारलं की सासूबाई पटकन "जनरल" म्हणतात आणि समोरच्याच्या बशीत आणखी चिवडा घालतात. खरं म्हणजे मी मूळव्याध, फिशर, भगंदर आणि त्याच गल्लीतली गळवं बघते. डोंबिवली पूर्वेला माझं छोटं हॉस्पिटल आहे. पाटीवर सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, त्यामुळे पेशंट पाटीखालून येत नाहीत. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात काहीतरी काम असल्यासारखे उभे राहतात आणि रस्ता मोकळा दिसला की आत शिरतात. आत आल्यावरही जागेचं नाव कोणी घेत नाही. "खाली जरा", "बसायच्या तिथे", "मागच्या बाजूला". एका गृहस्थांनी तर नुसती मान मागे वळवून दाखवली होती. मला वाटलं, मानदुखी.

घरात या विषयावर सगळ्यात जास्त दात काढणारा माणूस म्हणजे माझा दीर. नवऱ्यापेक्षा बराच लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. तो मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. गणपतीत सुट्टीवर असला की मी वाढायला उभी राहिले रे राहिले की म्हणायचा, "वहिनी, हात नक्की धुतलेस ना?" सगळी पंगत हसायची. मी त्याच्या ताटात मोदक जरा जोरात ठेवायचे.

मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मार्ग आखणं, नकाशे सांभाळणं हे सेकंड ऑफिसरचं काम, आणि औषधांच्या कपाटाची किल्लीही बहुतेक त्याच्याकडेच. त्यासाठी त्याला एक छोटा कोर्स करावा लागतो. त्यात रबरी पुतळ्याची छाती दाबतात, केळ्याच्या सालीला टाके घालतात आणि सर्टिफिकेट घेऊन समुद्रात जातात. दिराने केळ्याचा फोटो आम्हाला पाठवला होता. टाके वाईट नव्हते.

त्या शुक्रवारी सकाळी मी ठाकुर्लीच्या घरी होते. आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, म्हणून हॉस्पिटलही मी शुक्रवारी बंदच ठेवते. नवरा कामासाठी नाशिकला गेलेला. मी खिडकीत बसून वाळलेले कपडे घडी करत होते, तेवढ्यात दिराचा फोन आला. जहाजावर उपग्रहाचं इंटरनेट असतं, त्यावरून.

"वहिनी, एकटी आहेस?"

"हो. का रे?"

"आमचे कॅप्टन बसत नाहीयेत."

मला आधी कळेचना. तो सांगू लागला. कॅप्टन गेले काही दिवस सगळं उभ्यानेच करत होते. उभ्याने जेवण, उभ्याने मीटिंग. पोरांना वाटलं, शिस्त वाढली. मग त्यांना ताप आला, काल हुडहुडी भरली. कंपनीच्या किनाऱ्यावरच्या डॉक्टरने फोनवरून गोळ्या दिल्या, मग इंजेक्शनं सुरू केली. तरी सूज वाढतच होती.

"सूज कुठे आहे?"

"ते... वहिनी..."

"कुठे?"

"तुझ्या लाईनमध्ये," तो म्हणाला.

खरं सांगायचं तर मला हसू आलं. पण लगेच त्याने दुसरं वाक्य उच्चारलं आणि हसू विझलं. कॅप्टनना डायबेटिस होता. त्या जागी पू धरला, अंगात साखर असली आणि वेळेवर चीर दिली नाही, तर आतल्या आत तो किती झपाट्याने पसरतो हे मी पाहिलेलं आहे. त्यात हसण्यासारखं काही नसतं.

"बंदर किती लांब?"

"जवळजवळ आठवडा. आम्ही दक्षिणेला फार खाली आहोत. हेलिकॉप्टर इथवर पोचत नाही. आजूबाजूला दुसरं जहाजही नाही."

"कंपनीच्या डॉक्टरांशी बोलू दे मला. आणि फोटो पाठव."

"फोटोला कॅप्टन तयार नाहीत. म्हणाले, मरेन पण फोटो नाही."

माझ्या फोनचं चार्जिंग अर्ध्याच्या खाली आलं होतं, लाईट संध्याकाळशिवाय येणार नव्हती. मी कॅब बोलावली आणि सासूबाईंकडे ठाण्याला, वर्तकनगरला निघाले. तिथे लाईट होती, वायफाय होतं आणि मोठा टीव्ही होता.

मुंब्रा बायपासवर ट्रकच्या रांगेत अडकलो असताना कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. ते फिजिशियन, हृदय-बिदय बघणारे. सज्जन माणूस. म्हणाले, "मॅडम, चीर द्यायलाच हवी हे मलाही कळतंय. पण मी हे शेवटचं इंटर्नशिपमध्ये केलंय, तेही दुसऱ्याने धरलं होतं. तुम्ही सांगा, मी औषधांचं आणि साखरेचं बघतो. कंपनीची परवानगी मी आत्ता मिळवतो." मग मी त्यांना मोठ्या आवाजात विचारत गेले, सूज गुदद्वारापासून किती लांब, एका बाजूला की दोन्ही, लघवीला होतेय का. कॅबवाल्याने हळूच गाणी बंद केली. फोन ठेवल्यावर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, एक विचारू? मला पण बसून बसून तिथे..." बायपास संपेपर्यंत त्याची ओपीडी झाली.

सासूबाई निवृत्त शिक्षिका. गणित शिकवायच्या. त्यांना मी दारातच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "हे दिवाणखान्यातच करायला हवं का?"

"टीव्ही इथेच आहे, आई."

"बरं. मग देवघराचा पडदा ओढून घेते."

कंपनीची परवानगी आली होती. आता कॅप्टनना तयार करणं आलं. मी फोन टीव्हीला जोडला, दिराने टॅब्लेट त्यांच्या केबिनमध्ये नेला. पडद्यावर एक रुंद, पांढऱ्या मिशीचा माणूस पालथा झोपलेला दिसला, मान वर करून माझ्याकडे रागाने बघत. मूळचे देवगडकडचे, त्यामुळे बोलणं मराठीतच झालं.

"डॉक्टर, गोळ्या वाढवा. एवढं पुरे आहे."

"गोळ्या पुवापर्यंत पोचत नाहीत, कॅप्टन. पू बाहेरच काढावा लागतो."

"माझ्या सेकंड ऑफिसरने माझ्या... तिथे चाकू चालवायचा? उद्या हा माझी ऑर्डर ऐकेल?"

"नाही ऐकली तर तुम्ही त्याला ओरडा. ओरडायला जिवंत राहा म्हणजे झालं."

मी पुढे म्हटलं, "जहाज कुठे न्यायचं ते तुम्ही ठरवा, मी त्यात एक शब्द बोलणार नाही. पण या भागावर अधिकार माझा आहे. माझी अख्खी कारकीर्द तिथे गेलीये."

मागून दिराचा खोकल्यासारखा आवाज आला. कॅप्टनची मिशी थोडी हलली. मग त्यांनी एकदम लहान आवाजात विचारलं, "डॉक्टर, फार दुखेल?" एवढा वेळ जो माणूस बोलत होता तो कुठे गेला कोण जाणे. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "दुखेल. भूल देऊ, पण पुवाच्या जागी भूल नीट लागत नाही. मात्र पू बाहेर पडला की त्याच क्षणी तुम्हाला बरं वाटेल. मला इतकी वर्षं सगळ्यांनी हेच सांगितलंय." त्यांनी चेहरा उशीत खुपसला. मग म्हणाले, "करा."

कॅमेरा मागे गेला आणि वर्तकनगरच्या दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीवर कॅप्टनची ती बाजू प्रकटली. सासूबाई वाटीत शेंगदाणे सोलत होत्या, त्या थांबल्या. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या आणि खुर्ची थोडी मागे सरकवली. पण उठल्या नाहीत.

सूज एका बाजूला होती, लाल, चकचकीत, लिंबाहून मोठी. मी दिराला हातमोजा घालून बोटाने दाबायला सांगितलं. "कडक लागतंय की मऊ? मध्ये कुठे आत जातंय का, पिकलेल्या आंब्यासारखं?" तो म्हणाला, मध्ये मऊ आहे, बाकी सगळीकडे कडक. आजूबाजूची कातडी काळी पडलेली नव्हती, बोटाखाली कुरकुरत नव्हती, सूज पुढच्या बाजूला गेली नव्हती. म्हणजे पू पसरलेला नव्हता, वरच्या थरातच होता. मी मनातल्या मनात नमस्कार केला. खोल असता तर मी हो म्हटलं नसतं.

पण त्याला आयुष्यात पहिल्यांदा जिवंत माणसाला चीर द्यायची होती, म्हणून आधी तालीम करायचं ठरलं. जहाजाच्या कुकने त्याला कातडीसकट कोंबडीची तंगडी दिली. हातमोज्याचं एक बोट कापून त्यात मेयोनीज भरायचं, गाठ मारायची आणि ते कातडीखाली सरकवायचं. गळू तयार. मला इकडे तेच करून दाखवायचं होतं, पण सासूबाईंच्या घरात कोंबडी येणं शक्य नव्हतं. फ्रीजमध्ये श्रीखंड होतं. मी माझ्या पर्समधल्या हातमोज्याच्या बोटात श्रीखंड भरलं, सासूबाईंनी न विचारताच घट्ट कणीक मळून जाड पोळी लाटली आणि आम्ही ती त्यावर पसरवली. मी भाजी चिरायची सुरी पेनासारखी धरली.

"बघ. पेन धरतोस तसं धर. घाबरत घाबरत चार वेळा खरवडायचं नाही. एकदाच, ठाम. मग पहिल्या चिरेवर आडवी दुसरी, अधिक चिन्हासारखी. नाहीतर भोक वरून बंद होतं आणि पू परत आत साठतो."

कणकेतून श्रीखंड भसकन बाहेर आलं. केशर-वेलचीचं होतं. सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

दिराने कोंबडीवर दोनदा केलं. पहिल्यांदा मेयोनीज त्याच्या चष्म्यावर उडालं. दुसऱ्यांदा बरं झालं. मग मी त्याला तो भाग समजावला जो दाखवता येत नव्हता. गळवाच्या आत एकच पोकळी नसते, कप्पे असतात. बोट आत घालून ते फोडावे लागतात. हे काम मी हजारो वेळा केलंय, पण कसं करते ते मला कधी कोणाला शब्दांत सांगावं लागलं नव्हतं. शिकाऊ डॉक्टर असला की मी त्याचं बोट धरून आत नेते, झालं. आता माझं बोट इथे आणि भोक तिथे. शेवटी सुचलं.

"डाळिंब सोलतोस ना? दाण्यांच्या मध्ये पिवळे पातळ पडदे असतात. ते बोटाने कसे हळूच फाटतात? तसे फाटतील. आणि साल असते तसं जे जाड, चिवट लागेल, त्याला हात लावायचा नाही. तो स्नायू आहे. तो तुटला तर कॅप्टन तुला जन्मभर माफ करणार नाहीत, कारण त्यांना जन्मभर आठवण राहील."

सुरुवात झाली. कॅप्टनना दुखणं कमी करायचं इंजेक्शन आधी दिलं होतं, आता बाजूने भूल दिली. सुई टोचताच त्यांनी दिराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यात सासूबाईही आल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "वेदनेत आहेत, बोलू दे." कुक एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात टॅब्लेट धरून उभा होता. जहाज हलत होतं, त्यामुळे आमच्या टीव्हीवर सगळं डावीकडून उजवीकडे झुलत होतं.

"आता," मी म्हटलं.

त्याने ब्लेड टेकवलं. मी बघत होते, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या उजव्या हाताची बोटं हवेत ब्लेड धरून बसली आहेत. पहिली चीर सरळ गेली. आणि तेवढ्यात चित्र गोठलं. टीव्हीवर ब्लेड, अर्धी चीर आणि कुकचा अंगठा, सगळं जिथल्या तिथे.

मी हाका मारत सुटले. काही क्षण काहीच नाही. मग चित्राशिवाय नुसता आवाज आला, तुटक तुटक.

"...हिनी? वहिनी, दिसतंय का?"

"दिसत नाहीये. पण ऐकू येतंय. थांबू नको. मला सांग काय दिसतंय ते. सगळं सांग, नाव घेऊन."

ज्या माणसाने सकाळी "तुझ्या लाईनमध्ये" म्हणून वेळ मारून नेली होती, तो आता आईच्या समोर स्पष्ट, मोठ्याने सांगू लागला. गुदद्वारापासून दोन बोटं लांब चीर आहे. कातडी फाकलीये. आडवी चीर देतोय. दिली. मग एकदम, "वहिनी, वास! बापरे, वास!"

"शाब्बास! वास आला म्हणजे बरोबर ठिकाणी आलास."

"खूप येतंय. पिवळं, थोडं रक्त. थांबतच नाहीये."

"येऊ दे. टिपत राहा. कॅप्टन कसे आहेत?"

कॅप्टनचाच आवाज आला. शिव्या बंद झाल्या होत्या. ते नुसतं "आहाहा" म्हणाले. गरम पाण्यात पाय सोडल्यावर माणूस म्हणतो तसं.

मग बोट आत घालायचा भाग आला. माझा जीव तिथेच अडकला होता. "गेलं आत... पडदा लागतोय. डाळिंबासारखा, खरंच. फाटला. अजून एक आहे वरच्या बाजूला. फाटला. खाली चिवट लागतंय, साल आहे ना ही?"

"हो. साल. सोड तिला."

शेवटी त्याने सलाईनने जागा धुतली. आणि मग आवाज बदलला. "वहिनी, आता लाल येतंय. नुसतं लाल. कडेने. भरपूर आहे."

चित्र नाही. भरपूर म्हणजे किती, हे फोनवर कळत नाही. घाबरलेल्या माणसाला चमचाभर रक्तही बादलीभर दिसतं. पण खरंच एखादी धमनी कापली गेली असेल तर? माझ्या पाठीवर घाम आला. ऑपरेशन थिएटरमध्ये मला असा घाम येत नाही, कारण तिथे मी हात घालू शकते. इथे माझ्याकडे हात नव्हते. फक्त तोंड होतं, तेही कोरडं पडलेलं.

"स्वच्छ गॉज घे, भोकात दाब आणि वरून हाताने दाबून धर. जोरात. उचलून बघायचं नाही. थांबलं का, थांबलं का असं करायचं नाही."

"किती वेळ?"

मी सांगणार, तेवढ्यात सासूबाई फोनपाशी आल्या. "बाळा, दोनपासून वीसपर्यंतचे पाढे म्हण. मोठ्याने. वीसचा पाढा संपेपर्यंत हात काढायचा नाही."

"आई?"

"म्हण."

आणि हिंदी महासागराच्या पार दक्षिण टोकाला कुठेतरी माझा दीर कॅप्टनच्या पार्श्वभागावर दोन्ही हात दाबून पाढे म्हणू लागला. बे एके बे. कुकला मराठी येत नव्हतं, त्याला बहुधा वाटलं असेल की मंत्र आहे. तेरापर्यंत गाडी ठीक चालली. चौदाला अडखळला, सासूबाईंनी सावरलं. सतराला पार फसला.

"सतरा अठ्ठे... चौतीसासे?"

"छत्तीसासे!" पालथे पडलेले कॅप्टन ओरडले. "अरे गाढवा, तू माझं जहाज चालवतोस?"

"कॅप्टन हुशार दिसतात," सासूबाई मला म्हणाल्या.

वीसचा पाढा संपला. मी म्हटलं, आता हळूच उचल. मी सोफ्याची कड धरून बसले होते.

"थांबलंय," तो म्हणाला. "थोडं ओलसर आहे. वाहत नाहीये." आणि मग तो रडायला लागला. आवाज न करता, पण फोनवर श्वास कळत होता. सासूबाई फोनच्या पडद्यावरून नुसता अंगठा फिरवत राहिल्या.

थोड्या वेळाने चित्र परत आलं. जखम बघितली. माझ्या शिकाऊ डॉक्टरांनी याहून वाईट केलेली मी पाहिली आहे. गॉज सैल भर, दाबून कोंबू नको, रोज दोनदा कोमट पाण्याच्या टबात बसव, हे सगळं सांगितलं. कंपनीच्या डॉक्टरांनी इन्सुलिनचं बघितलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी फोटो आला: कॅप्टन ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, खुर्चीत बसलेले, खाली उशी, चेहऱ्यावर राजाचा भाव. पुढे बंदरावर डॉक्टरांनी तपासलं, त्यांना फारसं काही करावं लागलं नाही.

अशी गळवं बरी झाली तरी पुष्कळदा मागे भगंदर ठेवून जातात. कॅप्टनचंही तेच झालं. सुट्टीवर आल्यावर ते देवगडहून माझ्याकडे आले आणि मी ते ऑपरेशन केलं, या वेळी माझ्या स्वतःच्या हातांनी. भुलीतून बाहेर येताना त्यांनी विचारलं, "कोणाचं काम जास्त चांगलं, तुमचं की त्याचं?" मी म्हटलं, "माझं. पण तुम्ही त्याला सांगू नका."

दीर घरी आला तेव्हा बराच बारीक झालेला वाटला. पंगतीतले विनोद बंद झाले होते. मला ते थोडं आवडलं आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं. एकदा चहा पिताना म्हणाला, "वहिनी, मला ते अजून रात्री दिसतं. लाल. तू रोज हे कसं करतेस?" मी म्हटलं, ये बघायला. त्याने हट्टच धरला. मग पेशंटची परवानगी घेऊन मी त्याला एका साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला (अधूनमधून मी तेही करते) थिएटरमध्ये उभं केलं. टोपी, मास्क, गाऊन, सगळा थाट. मी कातडीवर चीर दिली, रक्ताचे दोन थेंब आले, आणि मागे धप्प आवाज झाला.

सिस्टरने त्याचे पाय वर केले. मी माझं काम संपवून बाहेर आले तेव्हा तो स्ट्रेचरवर पडून छताकडे बघत होता. सिस्टरने त्याला लिंबू सरबत दिलेलं.

"तिकडे कसा नाही पडलो मी?" त्याने विचारलं.

"तिकडे तुझ्या हाताखाली कॅप्टन होता ना. पडायला वेळ कुठे होता तुला?"

तो हसला नाही. सरबताचा घोट घेतला. म्हणाला, "तुझा आवाज येत होता म्हणून नाही पडलो. चित्र गेलं तेव्हा मला वाटलेलं, आता संपलं सगळं. मग तू ओरडलीस, ऐकू येतंय म्हणून."

मी त्याची नाडी बघितली, बघायची गरज नसताना. पुढच्या महिन्यात तो परत जहाजावर गेला. या वेळी बॅगेत त्याने माझ्याकडून चांगल्या हातमोज्यांचे दोन खोके मागून नेले, आणि सासूबाईंनी त्याला निघताना दारात उभं करून सतराचा पाढा म्हणून दाखवायला लावला.